दोन रुपयांचा हिशेब

मिरज,
रविवार, दुपार

प्रिय मध्या,

पाकीट बघून दचकला असशील. फोन असताना हा बाळ्या पत्र कशाला लिहितोय? तर कारण असं की तू माझे दोन रुपये देणं लागतोस. हॉस्टेलच्या दिवसांपासूनचे. फोनवर सांगायला गेलो असतो तर "बरं बरं, पाठवतो" म्हणून तू विषय झटकला असतास, आणि ते दोन रुपये आले कुठून हे राहूनच गेलं असतं. तेव्हा आता निवांत वाच.

धाकट्याची चिऊ यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती दुकानातले वॉशर सुतळीत ओवून माळा करत बसायची. आता संध्याकाळी कॉलेजातून थेट दुकानात येते, काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसते आणि असाइनमेंटचा कागद माझ्यापुढं सरकवते. घरात तिच्या बाबाला विचारायची सोय नाही, तो कॉमर्सवाला. मी एकटाच सायन्सचा. पदवी घेऊन खिळे विकतोय ते सोड, पण पदवी आहे ना!

मागच्या आठवड्यात एका कागदावर केमिस्ट्री, एकावर फिजिक्स आणि एकावर प्रोबॅबिलिटी, असे तीन विषय एकदम आले. उत्तरं तिच्या वर्गाच्या ग्रुपवर आधीच फिरत होती. आपण रात्री बारापर्यंत एका वहीभोवती सात जण बसायचो, हे लोक तेच फोनवर करतात, एवढाच फरक.

पहिला प्रश्न ऐक. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं अगदी पातळ द्रावण, लिटरला १० चा उणे ८ वा घात इतके मोल. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, काढा; सात म्हणजे शुद्ध पाणी, त्याखाली आम्ल. ग्रुपवर साठ पोरांचं उत्तर एकच, ८. सूत्रात टाकलं की येतंच ८, लॉगचं पुस्तकही उघडावं लागत नाही. चिऊ म्हणाली, "काका, सातच्या वर म्हणजे अल्क झालं. पाण्यात अ‍ॅसिड टाकून ते अल्क कसं होईल?"

आता खरं सांगतो. हा प्रश्न आपल्यालाही होता. मी तो तुझ्या वहीतून उतरवला होता, आणि तुझ्या वहीत ८ च होतं. वर लाल शाईनं बरोबरची खूणही मिळाली होती आपल्या दोघांना. इतकी वर्षं माझ्या डोक्यात ते आठ बसून होते आणि मला एकदाही खटकलं नाही. पोरीला मात्र पहिल्याच वाचनात खटकलं.

मग मी हे द्रावण पातळ म्हणजे किती पातळ, त्याचा हिशेब मांडला. दुकानाच्या भाषेत. प्रयोगशाळेतलं दाट अ‍ॅसिड घे, साधारण १२ मोलरचं, म्हणजे लिटरला १२ मोल. त्याचा एक थेंब. आणि हजार लिटरच्या काळ्या टाक्या, गच्चीवर असतात त्या, साठ मांड. त्या साठ टाक्यांत मिळून तो एक थेंब. एवढं पातळ! तिथं अ‍ॅसिडचा आवाज तो काय निघणार? उलट २५ अंशांना नुसत्या पाण्यातच स्वतःचे हायड्रोजन आयन त्याच्या दहापट असतात, लिटरला १० चा उणे ७ वा घात. सूत्रात आपण पाण्याला धरतच नाही, कारण एरवी ते नगण्य असतं. इथं नगण्य अ‍ॅसिड आहे.

हे सुचल्यावर मी ऐटीत दोन्हींची बेरीज केली आणि ६.९६ लिहून पेन खाली ठेवलं. चिऊ बराच वेळ कागदाकडं बघत राहिली. मग म्हणते, "पण बाहेरून हायड्रोजन आयन आल्यावर पाणी आपले पूर्वीइतकेच कशाला देईल? ते हात आखडतं घेईल ना?" अरे, बरोबर! बाहेरून भर पडली की समतोल मागं सरकतो, हे परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं मी. मग पाण्याचे आयन क्ष धरले, वर्गसमीकरण मांडलं, पाण्याचा वाटा ०.९५ गुणिले १० चा उणे ७ वा घात इतका उतरला, आणि पीएच आला ६.९८. सातच्या किंचित खाली. आम्लाच्याच बाजूला, जेमतेम.

या गडबडीत एका गिऱ्हाइकाला पाइपच्या अर्ध्या इंची एल्बोऐवजी टी-जोड बांधून दिला. तो दुसऱ्या दिवशी भांडायला आला. असो.

त्याच कागदावर मोलचीही दोन-तीन गणितं होती, ती मी चुटकीसरशी उडवली, कारण माझा धंदाच तो आहे. खिळे कुणी मोजून देतं का? तोलून देतो. दहा खिळ्यांचं वजन ठाऊक असलं की किलोत किती बसतात ते सांगता येतं, आणि मोल म्हणजे दुसरं काही नाही, तोलून मोजणं. हे मला कॉलेजात कुणी अशा शब्दांत सांगितलं असतं तर मी निदान चार रात्री जास्त झोपलो असतो. आपल्या वेळी बारा ग्रॅम कार्बन-१२ मधले अणू म्हणजे एक मोल अशी व्याख्या पाठ होती ना? ती आता गेली. २०१९ पासून आकडाच ठरवून टाकलाय, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. वजनावरून डझन ठरवायचा सोडून डझन म्हणजे बारा असं सरळ लिहून टाकलं, तसं.

फिजिक्सचा कागद बघून तर चिऊ चिडलीच होती. "गणितच चुकीचं आहे, वस्तुमान दिलं नाही, त्रिज्या दिली नाही." प्रश्न आपल्या ओळखीचा. उतरणीवरून भरीव गोळा, भरीव दंडगोल आणि पोकळ कडं एकदम सोडलं, न घसरता गडगडत आले, तर आधी कोण पोचेल? ग्रुपवरचं उत्तर, सगळे एकदम. उंची सारखी, म्हणून वेग सारखा, संपलं.

मी उत्तर सांगितलं नाही. खरं म्हणजे आठवतच नव्हतं, पण तिला तसं दाखवलं नाही. दुकानात प्लायची एक मीटरची फळी होती. एका टोकाखाली रंगाचे डबे रचून ते वीस सेंटिमीटर उचललं. जुन्या बेअरिंगमधली मोठी गोळी घेतली, भरीव सळईचा एक तुकडा आणि जीआय पाइपचा एक तुकडा. तिन्ही एका पट्टीनं अडवून धरले आणि पट्टी झटकन उचलली. पाइप मागं राहिला, मध्या! चांगला हातभर नाही, पण वीतभर नक्की. गोळी पहिली, सळई तिच्या पाठोपाठ. पुन्हा केलं. मग पोऱ्याला बारकी गोळी आणायला सांगितली, म्हणजे वजनही वेगळं आणि त्रिज्याही वेगळी. मोठीच्या बरोबरीनं खाली. पोऱ्या म्हणाला, "शेठ, पाइप आतून पोकळ म्हणजे हलका, मग तो मागं का?" परीक्षकानं विचारावा असा प्रश्न!

मग कागद. वरून मिळालेली ऊर्जा दोन कामांत वाटली जाते, पुढं सरकण्यात आणि स्वतःभोवती फिरण्यात. पाइपचं सगळं वस्तुमान कडेला, म्हणून फिरण्यातच अर्धी ऊर्जा जाते. भरीव सळई एक तृतीयांश घालवते, गोळी फक्त दोन सप्तमांश. आणि समीकरणात वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं, त्रिज्याही कटते. दिलं नव्हतं कारण लागणारच नव्हतं. हिशेबानं गोळी टोकाला पोचते तेव्हा सळई सात सेंटिमीटर मागं असायला हवी आणि पातळ कडं तीस सेंटिमीटर. आमचा पाइप तीसच्या थोडा अलीकडंच होता, कारण त्याला भिंतीची जाडी असते, तो कागदावरच्या कड्यासारखा नुसता कडेचा नसतो.

मोमेंट ऑफ इनर्शियाचे, म्हणजे वस्तू फिरवायला किती जड जाते त्या मापाचे, ते सगळे अपूर्णांक, दोन पंचमांश, एक द्वितीयांश, मी तुझ्याकडून म्हणवून घेत पाठ केले होते. ते डोळ्यांनी बघितले परवा. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तरी काय होतं? तीन वेळा टायट्रेशन, तिन्ही रीडिंग १०.२, सी.बी.आर., म्हणजे ब्युरेट या मोजनळीचं सारखं आलेलं रीडिंग, १०.२. ब्युरेट एकदाच भरलेली असायची.

आता दोन रुपये.

प्रोबॅबिलिटीच्या कागदावर शेवटचं गणित होतं: सारख्याच ताकदीचे दोन खेळाडू, तीन डाव जो आधी जिंकेल त्याला सगळी रक्कम. २-१ असताना खेळ बंद पडला. रक्कम कशी वाटावी? वाचलं आणि मला हॉस्टेलची कॉमन रूम दिसली. कॅरमवर प्रत्येकी बारा रुपये लावलेले, पाच बोर्डांत तीन जिंकेल तो धनी. मी २-१ नं पुढं. चौथ्या बोर्डाला तू स्ट्रायकर लावला आणि लाइट गेली. मेणबत्ती शोधेपर्यंत राणी कुणाच्या तरी खिशात. तुम्ही सगळ्यांनी मिळून निवाडा केलात: दोन जिंकले त्याला दोन वाटे, एक जिंकला त्याला एक. मला सोळा, तुला आठ. न्याय्य वाटलं. दुसऱ्या दिवशी आपण दोघांनी त्यातलेच मोडून मिसळ खाल्ली.

हा निवाडा फार जुना आहे म्हणे. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ साली छापलेल्या पुस्तकात हाच सांगितला होता, जितके डाव जिंकले त्या प्रमाणात वाटा. गंमत म्हणजे जमा-नावेची दुहेरी पद्धत पहिल्यांदा सविस्तर छापून आली तीही त्याच पुस्तकात. म्हणजे माझ्या खतावणीचा मूळपुरुष आणि माझं नुकसान करणारा माणूस एकच!

तो निवाडा मोडीत निघाला १६५४ साली, पॅरिसचा पास्कल आणि तुलूझचा फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात. प्रोबॅबिलिटीचा आख्खा विषय पत्रांतून उभा राहिला बघ. पास्कलची रीत मला फार आवडली, कारण ती दुकानदाराची आहे. पुढचा एकच बोर्ड धर. मी जिंकलो तर चोवीस माझे. तू जिंकलास तर २-२, म्हणजे बारा-बारा. म्हणजे हरलो तरी बारा माझेच, त्यांना कुणी हात लावू शकत नाही. वाद उरला बाकीच्या बारांचा, ते निम्मे निम्मे. माझे अठरा, तुझे सहा.

चिऊ मात्र दोन तृतीयांशावर अडून बसली. "चौथा तुम्ही जिंकलात तर खेळ संपला. हरलात तर पाचवा, तो एक तर तुमचा नाही तर मधुकाकांचा. तीन शक्यता, दोन तुमच्या." सोळा आणि आठ, पुन्हा तेच! मला क्षणभर वाटलं की आपण बरोबरच वाटले होते. मग तिच्या हातात एक रुपयाचं नाणं दिलं. छापा म्हणजे मी, काटा म्हणजे मधुकाका. पहिल्याच फेकीला छापा आला की माझा डाव, काटा आला तर आणखी एकदा फेकायचं, आणि प्रत्येक खेळाची वहीत रेघ ओढायची. दुकान बंद होईपर्यंत शंभर खेळ झाले. माझे ७३, तुझे २७. तेव्हा कुठं तिला पटलं की तिच्या तीन शक्यता सारख्या वजनाच्या नाहीत. पहिली एकटी अर्धी आहे, उरलेल्या दोघी पाव-पाव. फर्मा उरलेले दोन्ही बोर्ड खेळलेच असं धरून चार शक्यता मोजायचा, त्याला त्या काळी रोबेर्वाल नावाच्या गणितज्ञानं हीच हरकत घेतली होती, खेळ संपल्यावर पुढचा डाव कशाला मोजता म्हणून. तेव्हा चिऊला मी हसलो नाही.

म्हणजे तू आठ घेतलेस, सहा हवे होते. दोन रुपये. व्याज सोडतो.

पण एक पळवाट आहे, आणि ती तुला सुचायच्या आत मीच लिहितो. गणितात "सारख्याच ताकदीचे" असं म्हटलंय. त्या वर्षी हॉस्टेलचा कॅरमचा कप तू घेतला होतास. एक बोर्ड जिंकायची तुझी शक्यता अर्ध्याहून जास्त असेल तर माझे अठरा टिकत नाहीत, कारण मी हरतो ते तू लागोपाठ दोन बोर्ड मारलेस तरच. तुझा वाटा एक तृतीयांश यायला त्या शक्यतेचा वर्ग एक तृतीयांश हवा, म्हणजे शक्यता ०.५७७. शंभरातले सुमारे अठ्ठावन्न बोर्ड तू माझ्यावर जिंकत होतास असं दाखवलंस, तर कॉमन रूमचा निवाडा पैशापर्यंत बरोबर होता आणि तू माझं काही लागत नाहीस. चिऊनं हे काढून दिलं. तिला तुझी बाजू घ्यायला मजा येतेय.

माळ्यावरचा बोर्ड खाली काढलाय, पुसून पावडर मारून ठेवलाय. दिवाळीत वहिनींना घेऊन ये. २-१ पासून पुढं खेळू. सोंगट्या पुऱ्या आहेत, राणीच्या जागी लाल वॉशर लावलाय. स्ट्रायकर मात्र तुझा आण, आमचा पोऱ्यानं दुकानाच्या दाराला अडण म्हणून लावला होता, त्याचा एक टवका उडालाय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या

ता. क. केमिस्ट्रीची ती वही तू टाकली नसशील, तू काहीच टाकत नाहीस. सापडली तर तेवढे ८ खोडून ६.९८ कर. लाल खूण राहू दे.