पिटमधल्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव मला माहीत नाही. हिरवा रेनकोट, लोकरी टोपी आणि हातात पाण्याची बादली, एवढीच तुमची ओळख माझ्याकडे आहे. काका म्हणतेय, कारण वडिलांच्या वयाचा माणूस न मागता मदतीला धावून आला तर आमच्याकडे त्याला दुसरं काही म्हणवत नाही. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, तरी लिहितेय. रविवारी त्या मैदानात मी धापा टाकत तुम्हाला थँक यू म्हटलं, पण तेवढ्याने माझं समाधान झालेलं नाही. आणि तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांना कळायलाच हवं.

त्यांच्यासाठी थोडं सांगते. सायक्लोक्रॉस हा हिवाळ्यातला खेळ. फ्रान्समधले रस्त्यावरचे सायकलपटू थंडीत शरीर तयार ठेवायला शेतांतून, कुंपणांवरून सायकली दामटायचे, त्यातून तो आला. 1902 मध्ये त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धाही झाली. आता मोठ्या शर्यतींत अडीच ते साडेतीन किलोमीटरचा लॅप आखतात. गवत, चढ, वाळू, चिखल, आणि मध्येच 40 सेंटीमीटर उंचीच्या फळ्या. तिथे बहुतेकांना सायकल उचलून पळावं लागतं. आंतरराष्ट्रीय नियमाने टायर 33 मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, म्हणजे चिखलात पकड किती मिळत असेल बघा. मी वेल्ह्याकडची, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात लावणी करत वाढलेली. इथल्या, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा नोव्हेंबरमधला चिखल त्या खाचरासारखाच पाय धरून ठेवतो, फक्त तो बर्फासारखा गार असतो.

आम्ही चाळिशीच्या पुढच्या बायका मास्टर्स गटात. आमची शर्यत साधारण चाळीस मिनिटांची. मी मागच्या रांगेतून सुटते आणि बहुतेक वेळा मागेच असते. तरी आठवडाभर मी रविवारची वाट बघते. पन्नाशीनंतर छाती फुटेस्तोवर पळायला मिळणं ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे.

हे सगळ्यांना पटत नाही. शर्यतीच्या आठवड्यात मी सायकल एका दुकानात दाखवली होती. सगळ्यात हलका गिअर टाकला की मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, स्पोकला घासल्यासारखा आवाज यायचा. तो जिच्यावर बसतो ती छोटी पट्टी, हँगर, वाकलाय का बघा, असं मी नेमकं सांगितलं. काउंटरवरच्या माणसाने सायकल स्टँडवर चढवलीसुद्धा नाही. सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मुलाची आहे का? मग म्हणाला, असे आवाज येतातच. त्याआधी एका क्लबच्या राइडला गेले होते. माझं चाक पंक्चर झालं आणि पुढच्यांपैकी एकानेही मागे वळून पाहिलं नाही. ट्यूब बदलून मी एकटी घरी आले. राग आला होता, अजूनही आहे.

तर तिसऱ्या लॅपला तेच झालं. झाडांमधल्या चढावर हलका गिअर टाकला आणि कडकन आवाज आला. हँगर तुटला, डिरेलर स्पोकमध्ये गेला, चेन मुरगळली. सायकल खांद्यावर टाकून पळत पिटपर्यंत, म्हणजे शर्यतीत सायकली बदलायच्या आणि धुवायच्या जागेपर्यंत, आले ती शर्यत संपली असं धरूनच. माझी दुसरी सायकल नाही, पिटमध्ये माझं माणूस नाही. मार्गावर देखरेख करणाऱ्या मार्शलला सांगून बाहेर पडायचं, एवढंच डोक्यात होतं.

तुम्ही बादली खाली ठेवलीत. काय झालं, विचारलंही नाहीत. माझ्या खांद्यावरची सायकल घेतलीत, बघितलीत आणि शेजारच्या निळ्या सायकलीकडे बोट केलंत. ती तुमच्या मुलीची जादा सायकल होती. मुलगी त्याच शर्यतीत, माझ्या कितीतरी पुढे, पहिल्या पाचात येण्यासाठी झुंजत होती. अशा चिखलात पुढची मंडळी दर लॅपला सायकल बदलतात, मळलेली पिटमध्ये टाकतात आणि धुतलेली घेऊन पळतात. ती सायकल मला दिली तर तिला उरलेली शर्यत चिखल साठलेल्या एकाच सायकलीवर काढावी लागणार होती. मी नको नको म्हणत होते. तेवढ्यात ती पिटसमोरून गेली आणि तुम्ही ओरडून तिला विचारलंत. तिने मान वर न करता एवढंच म्हटलं, "दे तिला!"

माझे पेडलमध्ये अडकवायचे बूट तुमच्या पेडलला बसणारे नव्हते. तुम्ही एलन की काढलीत, माझी पेडल्स सोडवून त्या सायकलीला लावलीत. थंडीने तुमची बोटं लाल झाली होती आणि नखांत चिखल भरला होता. मला वाटलं झालं, आणि मी टांग टाकायला पुढे झाले. तुम्ही हाताने थांबवलंत. दोन्ही सायकली शेजारी शेजारी उभ्या केल्यात, वाकून एक डोळा मिटून दोन्ही सीटांची उंची पाहिलीत. मुलीची सीट चांगली चार बोटं वर होती. मूळ उंची सापडावी म्हणून सीटपोस्टवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवलात, मग सीट खाली घेतलीत, घट्ट केलीत आणि तळहाताने दाबून पाहिलीत. सीटवरचं पाणी बाहीने पुसलंत. मग म्हणालात, "जा आता."

काका, त्या सीटपाशी माझा गळा दाटला. सायकल देणं मोठंच. पण मी शेवटून दुसरी होते. उंच सीटवर कशीबशी फिरून आले असते तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. तुम्ही मात्र ती सीट पहिल्या नंबरवरच्या बाईसाठी लावावी तशी माझ्यासाठी लावलीत. हा टॉम पिडकॉकचा मुलूख. लीड्सचा हा पोरगा 2022 मध्ये अमेरिकेत फेयेटव्हिलला सायक्लोक्रॉसचा जगज्जेता झाला, एलिट पुरुषांत हा किताब जिंकणारा पहिला ब्रिटिश. इथे पिटमध्ये उभ्या राहणाऱ्यांचा सगळा जीव अशा होतकरू पोरांवर असणार, मागच्या रांगेतल्या बाईकडे कोण बघतंय, असं मी गृहीत धरलं होतं.

मी शर्यत पूर्ण केली. शेवटच्या लॅपची घंटा ऐकताना इतका आनंद मला आजवर कधी झाला नव्हता. तुमची मुलगी सहावी आली. सायकल बदलायला असती तर कदाचित पाचवी आली असती. मी हे बोलून दाखवलं तर ती हसली आणि तिने माझ्या हातात चहाचा कप दिला. माझी मोडकी सायकल तोवर तुम्ही धुऊन ठेवली होतीत, सुटलेले डिरेलरचे तुकडे एका पिशवीत घालून हँडलला बांधले होतेत.

तेव्हापासून मला जिथे तिथे तुमच्यासारखी माणसं दिसतायत. पहाटे अंधारात खुंट्या ठोकून टेप बांधणारी, पावसात तीन तीन तास कोपऱ्यावर उभी राहून शेवटच्या माणसालाही तितक्याच जोरात हाक देणारी. आमच्या गावात कुणाचा बैल बसला तर शेजारी स्वतःची जोडी सोडून यायचे. जात वेगळी, भाषा वेगळी, पण ही चांगुलपणाची सवय सगळीकडे एकसारखीच असते आणि तिच्यावरच जगाचं बरंचसं काम चालतं, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या एका दुकानात नवा हँगर बसवून घेतलाय. पुढच्या शर्यतीला तुमच्या मुलीची सुरुवात माझ्याच बरोबर असेल, त्यामुळे मला पिटमध्ये तुमच्या हाताशी उभं राहता येणार नाही. पण सकाळी बारक्या मुलांच्या शर्यतीला मी येतेय. त्यांच्या सायकली धुवायला दोन ब्रश आणि एक बादली घेऊन येते. तुमच्या डब्यासाठी पुरणपोळ्याही आणेन, तूप वेगळं.

तुमची,
निळ्या सायकलवाली