छोट्या वाफेच्या इंजिनांना एक रूळ आणि एक टेस्ट-पंप द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी चिंचवडला राहतो, 34 वर्षं टूलरूममध्ये फिटर म्हणून काम करून रिटायर झालो. नोकरीत असतानाच सुरू केलं होतं आणि सगळी मिळून अकरा वर्षं खपून मी एक वाफेचं इंजिन बनवलंय, साडेतीन इंच गेजचं (म्हणजे दोन रुळांमधलं अंतर साडेतीन इंच), चार चाकांचं, दीडेक फूट लांब, वजन सतरा-अठरा किलो. आत मोटार नाही की बॅटरी नाही. खऱ्या इंजिनासारखाच कोळसा टाकायचा, पाणी भरायचं, वाफ धरायची, आणि ते मागच्या ट्रॉलीवर बसलेल्या मोठ्या माणसाला आरामात ओढतं. मागच्या महिन्यात एका बागेत ते रविवारी चालवायची परवानगी मागायला गेलो तर तिथल्या साहेबांनी एकच विचारलं, बॉयलरचं सर्टिफिकेट आहे का? प्रश्न अगदी बरोबर होता. माझ्याकडे सर्टिफिकेट आहे पण ते इंग्लंडमधल्या, अशी छोटी इंजिनं चालवणाऱ्या हौशी लोकांच्या एका क्लबचं आहे, त्याची मुदत संपलीय, आणि इथे नवीन देणारं कोणीच नाहीये. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे बॉयलरचा कायदा 1923 चा होता, 2025 मध्ये त्याच्या जागी नवीन आला, पण त्यातही 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बॉयलर म्हणून धरलंच जात नाही. माझ्या बॉयलरमध्ये दीड लिटरसुद्धा पाणी मावत नाही, म्हणजे कायद्याने मी मोकळा. पण कायद्याने मोकळा म्हणजे सुरक्षित असं थोडंच आहे? आत चौरस इंचाला 80 पाउंड प्रेशर असतं आणि फूटभर अंतरावर माझा चेहरा असतो, मागे कोणाचं तरी पोर बसलेलं असतं. सरकारने तपासायची गरज नसेल तर आपण आपापसात तरी तपासायला पाहिजे ना, आणि तिकडे इंग्लंडमध्ये नेमकं तेच करतात. क्लबांनी मिळून स्वतःचे नियम केलेत, सर्टिफिकेट नसेल तर क्लबचा विमा लागू होत नाही, मग इंजिन कितीही देखणं असू दे, रुळावर येत नाही.

हे मला कळलं ते मुलाकडे इंग्लंडला गेलो तेव्हा. इंजिन बरोबर न्यायचं ठरवलं, चेक-इन सामानात, 23 किलोची मर्यादा. धुराडं, गेज ग्लास (बॉयलरमधलं पाणी किती आहे ते दाखवणारी काचेची नळी) आणि पुढचा बफर काढून वेगळे बांधले, बॉयलर दोन दिवस उन्हात उघडा ठेवून पूर्ण कोरडा केला, धुराड्याखालच्या स्मोकबॉक्समधली राख ब्रशने झाडली, तेलाचा वास येऊ नये म्हणून चाकंसुद्धा रॉकेलने पुसून पुन्हा साबणाने धुतली. कोळसा, तेल, स्पिरिट काहीही बरोबर घेतलं नाही. तरी विमानतळावर पेटी उघडायला लावलीच, एक्स-रेमध्ये तांब्याची नळकांडी आणि पाइप दिसल्यावर कोण सोडेल! मी कामाच्या दिवसांतले फोटो फोनवर दाखवले, ड्रॉइंग दाखवलं, तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं बघितलं आणि पेटी पुन्हा नीट बांधू दिली. ज्यांना असं न्यायचंय त्यांनी बॉयलर उघडून दाखवता येईल असाच ठेवावा, झाकणं सील करू नयेत.

तिकडच्या क्लबात पहिल्या रविवारी मला रुळावर जाऊच दिलं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी इंजिन शेडमध्ये नेलं, बॉयलर पाण्याने काठोकाठ भरला, हवेचा बुडबुडासुद्धा राहू दिला नाही, आणि हातपंपाने प्रेशर चढवायला लागले. नवीन बॉयलर असेल तर चालायच्या प्रेशरच्या दुप्पट, म्हणजे माझ्यासाठी 160 पाउंड. पुढच्या वेळी दीडपट पुरतं. हे पाण्याने करतात कारण पाणी जवळजवळ दाबलं जातच नाही, कुठे फट पडली तर दोन थेंब येतात आणि काटा लगेच खाली पडतो. तेच हवेने किंवा वाफेने केलं तर पत्रा उडेल. 120 ला एका स्टेच्या, म्हणजे बॉयलरचे पत्रे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या दांडीच्या, टोकाशी ओल दिसली आणि त्यांनी तिथे खडूने गोल केला. मी ते जॉइंट स्वतः सिल्व्हर ब्रेझिंगने (चांदीमिश्रित धातू वितळवून) केले होते आणि इथे पार्किंगमध्ये चार-पाच वेळा इंजिन पेटवलंही होतं, म्हणजे तो दोष तेव्हापासून आत होता आणि मी त्याच्यासमोर बसून फोटो काढत होतो. तो खडूचा गोल अजून डोळ्यासमोर आहे.

त्यांच्याच भट्टीवर आठवडाभराने तो जॉइंट परत केला, परत 160 ला अर्धा तास धरलं, काटा हलला नाही. मग वाफेची परीक्षा. आग जोरात, आग फुलवणारा वाफेचा झोत, म्हणजे ब्लोअर, पूर्ण उघडा, सेफ्टी व्हॉल्व उडतोय, आणि अशा वेळी प्रेशर ठरलेल्यापेक्षा दहा टक्क्यांच्या वर जाता कामा नये, माझं 88 च्या आत राहिलं पाहिजे. 84 ला थांबलं. सही झाली, आणि दुपारी मी सातशे-आठशे फुटांच्या उंच रुळावर सहा फेऱ्या मारल्या, मागे माझी नात आणि तिच्या मागे मुलगा.

आता इथली गोष्ट. लहान बॉयलर मोठ्यापेक्षा सोपा असतो असं लोकांना वाटतं, तसं नसतं. आकार लहान केला की आतलं पाणी खूपच जास्त पटीने कमी होतं पण उष्णता घालवणारा पृष्ठभाग तेवढा कमी होत नाही, त्यामुळे प्रेशर लवकर चढतं आणि लवकर पडतंही, पाणी तर मिनिटामिनिटाला बघावं लागतं. गेज ग्लासची नळी इतकी बारीक की बुडबुडा अडकला की ती खोटं सांगते, म्हणून ती सारखी फुंकून बघायची. पाणी फायरबॉक्सच्या, म्हणजे आग असते त्या पेटीच्या, माथ्याखाली गेलं तर तांबं मऊ पडतं. कोळसा हा आणखी एक त्रास, आपल्या कोळशात राख फार, जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळलेल्या राखेचे खडे, धरतो, म्हणून मी लोणारी कोळसा मिसळतो. बोअरचं पाणी तर अजिबात नाही, क्षार बसतात, मी पावसाचं साठवतो. चालवून झालं की गरम असतानाच बॉयलर रिकामा करायचा, लुब्रिकेटरमधलं (सिलेंडरला तेल देणाऱ्या भांड्यातलं) साचलेलं पाणी काढायचं, कारण त्यात वाफ गार होऊन पाणी तळाशी बसतं आणि तेल वर ढकलून सिलेंडरला देतं, ते पाणी काढलं नाही तर पुढच्या वेळी सिलेंडर कोरडा चालतो. हे सगळं शिकवायला समोर माणूस लागतो, व्हिडिओ बघून हाताला अंदाज येत नाही.

लहानपणी नेरळहून माथेरानला वाफेच्या इंजिनामागे बसून गेलोय, 1907 सालची ती गाडी, त्या इंजिनाचा श्वास अजून कानात आहे. आमच्या पुण्यात 1956 साली पेशवे पार्कात फुलराणी ही मुलांची छोटी गाडी सुरू झाली, कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम 1998 पासून आहे, तिथला शहराचा देखावा विजेवर चालतो आणि फारच सुंदर आहे. मग खरी वाफ खेळवायला जागा का नसावी? पिंपरी-चिंचवडमध्ये लेथवर हात बसलेली किती माणसं रिटायर होऊन घरी आहेत.

माझी मागणी मोठी नाही. महापालिकेने एखाद्या बागेत दोनशे-अडीचशे फुटांचा गोल, कमरेखाली उंचीचा खांबांवरचा रूळ द्यावा, साडेतीन आणि पाच इंच दोन्ही गेज एकावर बसतात. उंच एवढ्यासाठी की इतक्या अरुंद गेजवर जमिनीलगत माणूस तोल सांभाळू शकत नाही, दोन्हीकडे पाय सोडून बसावं लागतं. आणि एखाद्या आयटीआयने किंवा इंजिनिअरिंग कॉलेजने हातपंप, तपासलेलं प्रेशर गेज आणि दोन जाणकार माणसं एवढं ठेवून वर्षातून एकदा अशा बॉयलरची परीक्षा घ्यावी, निकाल एका वहीत लिहावा, नापास झाला तर तोंडावर सांगावं. पंप आणि गेज मी देतो, गेज दरवर्षी तपासून आणायचा खर्चही माझा, शनिवारी-रविवारी बसायला मी तयार आहे. ज्यांच्याकडे असं इंजिन कपाटात पडून आहे किंवा बॉयलर अर्धवट राहिलाय त्यांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत कळवावं, निदान कितीजण आहोत ते तरी समजेल, मग बागेच्या साहेबांकडे आम्ही मिळून जाऊ.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फिटर, चिंचवड