लेझरवर विनाइल नको

सर्व सदस्यांनी नोंद घ्यावी. गाड्यांवरच्या नावांसाठी आपण ज्याला ‘रेडियम’ म्हणतो, तो रोल बहुधा पीव्हीसी विनाइलचा, म्हणजे क्लोरीन असलेल्या प्लास्टिकचा असतो. लेझर कटिंग मशीनखाली जळला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. घसा जळजळतो, मशीनच्या रेल्स गंजतात. एक्झॉस्ट चालू असला तरी नाहीच. ते काम प्लॉटरच्या (स्टिकर कापायच्या मशीनच्या) ब्लेडवर करा, लेझरसाठी पॉलिएस्टर फिल्म आणा.

सीताबर्डीतला दुकानदार ‘चालते ना भाऊ’ म्हणेलच. रोलवर नाव नसेल तर बाहेर मोकळ्यावर तपासा: तांब्याची तार लालबुंद तापवून फिल्मला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत ठळक हिरवी झाली तर क्लोरीन आहे. तो रोल लेझरवर चढवायचा नाही. शंका असेल तर कापण्याआधी ग्रुपवर विचारा.