विकलेल्या गाडीचा मालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या सोलापुरात कुणीही कुणालाही 'मालक' म्हणतो. चहावाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, उधारी मागायला आलेला तर हमखास म्हणतो. हा शब्द मी कधी मनावर घेतला नव्हता. आता तो कोर्टाच्या नोटिशीत माझ्या नावापुढे छापून आलाय, म्हणून हे पत्र.

अक्कलकोट रोडला माझा शाळेच्या युनिफॉर्मचा छोटा कारखाना आहे. गठ्ठे पोचवायला एक मारुती ओम्नी होती. पत्रा कुजला, मागचं दार सुतळीने बांधायची वेळ आली, तेव्हा जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या एजंटाला ती देऊन टाकली. त्याने गाडीच्या सीटवरच कागद पसरले आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या सह्या घेतल्या. घेणाऱ्याचं नाव, तारीख, सगळ्या जागा कोऱ्या. विचारलं तर म्हणाला, "गिऱ्हाईक फिक्स झालं की भरतो की ओ मालक, तुमी कशाला टेन्शन घेताव?" पैसे रोख मिळाले. किल्ली दिली, आरसी बुक दिलं, एक झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही. कापडाच्या व्यवहारात मीटरचा हिशेब सोडत नाही मी, पण इथे डोळे मिटून सह्या केल्या. चूक माझीच, ती आधी कबूल करतो.

वर्षभराने पोलिसांचा फोन आला. माझ्या ओम्नीने एका सायकलवाल्याला उडवलं होतं. चालवणारा गाडी तिथंच टाकून पळाला होता. वास्तविक जखमीला दवाखान्यात नेणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ ने चालकावरच टाकलेलं काम आहे. ते इथे एका रिक्षावाल्याने केलं. मला विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" हे सांगणंही कलम १३३ प्रमाणे मालकाला बंधनकारक. मी एजंटाचं नाव सांगितलं, एजंटाने दुसऱ्याचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. माझ्या सहीचे ते फॉर्म मात्र आरटीओत पोचलेच नव्हते. गाडी इतके हात फिरली आणि नाव माझंच राहिलं.

मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. मी वकिलांकडे तावातावाने गेलो, "अहो, गाडी विकलीय मी!" त्यांनी शांतपणे १९८८ चा कायदा उघडून व्याख्या वाचून दाखवली. ज्याच्या नावावर गाडीची नोंद, तो मालक. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलंय. त्यातलीही मोटार अशीच हातोहात विकली गेली होती, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्यावरच आली. कारण सोपं आहे. अपघातात पाय मोडलेल्या माणसाने गाडी कुणाकुणाला विकली याचा माग काढत गावभर हिंडायचं का? मला हे पटलं, आणि पटल्यामुळेच रात्री झोप लागेना.

कारण खरी मेख पुढे होती. गाडीचा विमाच नव्हता. मी देताना पॉलिसीचे थोडेच महिने उरले होते, पुढे कुणीही भरली नाही. विमा नसलेली गाडी पकडली तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, एवढंच आपल्याला ठाऊक असतं, आणि दोन हजार काय, भरू, असं आपण म्हणतो. पण थर्ड पार्टी विमा आपल्यासाठी नसतोच, तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी असतो. जखम गंभीर असेल तर चूक कुणाची हे न पाहताही अडीच लाखांची भरपाई मागता येते, ती मालकाने द्यायची किंवा विमा कंपनीने. कंपनी नाहीच म्हटल्यावर राहिलं कोण?

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात त्या सायकलवाल्याची बायको भेटली. तो यंत्रमागावर कामाला होता, अजून उभा राहून काम होत नाही. ही विड्या वळते. तारखेला आलं की त्या दिवसाची विडी बुडते. तेंदूपानाने काळी पडलेली बोटं, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आरटीओतून काढलेला कागद, आणि त्यावर माझ्या नावाखाली निळ्या पेनाने ओढलेली रेघ. तिने रागावून नाही, नुसतं विचारलं, "मालक, तुमचीच का ओ ती गाडी?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही.

म्हणून एवढंच लिहितो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचं, असं कलम ५० सांगतं. कळवल्याची पोच घरात ठेवा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मग एजंट सख्खा मेव्हणा का असेना. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं आणि गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची नोंद व्हावी, असा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. मी गाडी दिली ती त्यानंतरच. ना एजंटाने सांगितलं, ना मी विचारलं. आरटीओने या व्यापाऱ्यांकडे एकदा फेरी मारून अधिकारपत्रं बघावीत, ही आपल्या दैनिकामार्फत विनंती. दंडाच्या पावत्या चौकाचौकांत फाडल्या जातातच, हे कामही तेवढंच गरजेचं आहे.

परवा अशोक चौकात चहा पिताना हीच गोष्ट मित्रांना सांगत होतो. एकाने तिथल्या तिथे मोबाईलवर गाडीची नोंद दाखवणारं एम-परिवहन हे सरकारी ॲप उघडलं आणि तीन वर्षांपूर्वी विकलेल्या आपल्या जुन्या गाडीचा एमएच-१३ चा नंबर टाकला. नाव अर्धंच दिसतं त्यात, अक्षरं झाकलेली असतात. पण पहिली दोन अक्षरं त्याला ओळखीची वाटली. चहा तसाच ठेवून तो उठला.

प्रकरण कोर्टात असल्याने कृपया नाव छापू नये.

आपला,
एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर