टेकडी कुठे पळून जात नाही, बाबा

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्हाला न विचारता मंगळवारची स्ट्रेस टेस्ट ठरवली, पैसेही भरले. रागावू नका, आणि आईला तर मुळीच बोलू नका. बीपीची गोळी चालू असताना ६७व्या वर्षी गोगाबाबा टेकडी जोरात चढायची, तर एकदा पट्ट्यावर चालवून ईसीजी बघितलेला बरा. नानांचं आपण पाहिलंय. रिक्षा साडेनऊला दारात येईल. सातच्या आत अर्धी भाकरी आणि दूध घ्या. चहा मात्र परत आल्यावर, आई आल्याचा करील. बीपीची ती गोळी, मेटोप्रोलॉल, त्या दिवशी घ्यायची का, ते डॉक्टर सांगतील. मनानं बंद करायची नाही.

तोवर सपाटीवरच चाला. रिपोर्ट चांगला आला आणि डॉक्टर हो म्हणाले की १० मिनिटं सावकाश, मग १ मिनिट जोरात, २ मिनिटं हळू, असं चारदा. घड्याळातले ठोके बघू नका, तुमची गोळी ते फारसे वाढू देत नाही. मला सायकलच्या नळीवर बसवून चढ चढायचात तेव्हा मी काही विचारलं की दोन शब्द बोलायचात, बाकीचं उत्तर वर पोचल्यावर. तेवढीच धाप लागू द्या.

मांड्या पेटतील. पेटू द्या, स्नायूत आम्लता वाढते, थांबलं की काही मिनिटांत ओसरते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकतं ते वेगळं, ते उताराचं देणं. लॅक्टिक ॲसिडवर उगाच खापर फोडतात. तेव्हा दोन दिवस नुसतं चाला. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी करा, तिथं हातानं दाबा, श्वास लांब सोडा. बहुतेकदा भरल्या पोटानं येते. आणि तालमीतल्यासारखा श्वास कोंडू नका हो, बीपी उसळतं. वर पोचून धपकन बसायचंही नाही: रक्त पायांत साठतं, चक्कर येते. पाच मिनिटं रेंगाळा.

पण छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथेच बसायचं आणि १०८ लावायचा. ‘गॅस झाला असेल’ हे मला ऐकायचं नाही.

आई, मोबाइल त्यांच्या खिशात आहे ना, बघत जा. मी सोमवारी रात्री येतेय. गादी काढू नको, सतरंजी पुरे.

तुमची,
ताई