पाकीट आणायला त्याला पाठवू नकोस

कोथरूड, पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "मीच सिगारेट ओढतो, मग पोराला ओढू नको असं कुठल्या तोंडाने सांगू?" तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

सांग. ओढत असलास तरी सांग. ओढणाऱ्या आईवडिलांची नापसंतीही मुलांवर परिणाम करते, असं अभ्यासांत दिसलंय. पण घरात जे दिसतं त्याचं वजन फार मोठं असतं. २०११ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. आईवडिलांपैकी एक जण ओढत असेल, तर मूल सिगारेटकडे वळण्याची शक्यता साधारण पावणेदोन पट आणि दोघं ओढत असतील तर पावणेतीन पट निघाली.

कारण काय, ते तुझ्या घरातच बघ ना. ऑफिसातून वैतागून आलास की तू गॅलरीत जातोस आणि शांत होऊन परततोस. पोरगं रोज हे बघतं. जो ताण उतरतो त्यातला बराचसा आधीच्या सिगारेटनेच लावलेल्या तलफेचा असतो, हे त्याला कसं कळावं? त्याला एवढंच कळतं, की जीव कावला की बाबांकडे यावर उपाय आहे. उद्या दहावीचं टेन्शन त्यालाही येणारच आहे.

आणि कृपा करून त्याला टपरीवर पाठवणं आजपासून बंद कर. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे, पण मला त्याहून जास्त हे खुपतं, की टपरीवाल्याशी त्याची ओळख तू करून देतोयस. उद्या तो स्वतःसाठी सुटी सिगारेट मागेल, तेव्हा टपरीवाला म्हणेल, बाबांसाठीच नेत असेल.

"अजून लहान आहे" असं म्हणू नकोस. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के तंबाखू वापरताना आढळली. त्यांतल्या सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्क्यांनी दहा वर्षांचं व्हायच्या आतच सुरुवात केली होती.

तू सोड, आणि त्याच्यापासून लपवून सोडू नकोस. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. कशामुळे ते त्याला सांग. पाकिटावर तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. फोन करताना सोबत कुणी हवं असेल तर मी येतो. तोवर निदान घरात आणि गाडीत नको.

रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला येतोस का? पोरालाही आण. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना मित्र