कुमार कादंबऱ्यांची यादी वेगळी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत नव्या पुस्तकांची पोच येते. तिथे ‘बालसाहित्य’ या एकाच मथळ्याखाली बडबडगीतांची चित्रपुस्तिका आणि नववी-दहावीच्या मुलांसाठी लिहिलेली दोनशे पानी कादंबरी शेजारी शेजारी असतात. सातवीच्या पुढच्या वाचकाला त्यातून स्वतःचे पुस्तक सापडत नाही. त्याच्यासाठी खरेदी करणाऱ्या ग्रंथालयांनाही सापडत नाही. म्हणून कुमारवयीन मुलांसाठीच्या नव्या कादंबऱ्यांची यादी वेगळी छापावी, ही विनंती.

‘नवे’ कशाला म्हणायचे, तेही तपासून छापावे. पुरस्कार जाहीर झाला की पुस्तक नवे आहे असा समज होतो. साहित्य अकादमीच्या बालसाहित्य पुरस्कारासाठी मराठीतून २०१७ साली ल. म. कडू यांची ‘खारीच्या वाटा’, २०१९ साली आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातले सलीम सरदार मुल्ला यांची ‘जंगल खजिन्याचा शोध’, २०२१ साली संजय वाघ यांची ‘जोकर बनला किंगमेकर’ आणि २०२४ साली भारत सासणे यांची ‘समशेर आणि भूतबंगला’ या कादंबऱ्या निवडल्या गेल्या. पण अकादमी मागच्या काही वर्षांतली पुस्तके विचारात घेते, त्यामुळे पुरस्काराचे साल हे प्रकाशनाचे साल नसते. दुसरा घोळ मुखपृष्ठाचा. जुनी कादंबरी नव्या चित्रासह येते आणि नवी म्हणून खपते. आतल्या श्रेयपानावर ‘प्रथमावृत्ती’ आणि ‘पुनर्मुद्रण’ अशा दोन ओळी असतात, पहिली पाहावी. भाषांतर असेल तर मूळ पुस्तकाचे सालही द्यावे.

नव्या कादंबऱ्या कपाटापर्यंत का येत नाहीत, याचे कारण मुलांच्या मोबाइलमध्ये शोधले जाते. आमच्या मते ते खरेदीत आहे. सार्वजनिक ग्रंथालयाचा वर्ग, ज्यावर त्याचे अनुदान अवलंबून असते, ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते. दाखल नोंदवहीत सोळा पानांची पुस्तिका हा एक ग्रंथ आणि जाडजूड कादंबरी हाही एकच ग्रंथ. अनुदानाचा हप्ता हाती पडतो तेव्हा मार्चअखेर जवळ आलेली असते. मग जास्त सवलत देणाऱ्या विक्रेत्याकडून पुस्तिकांचे गठ्ठे येतात, संख्या भरते, बिले निघतात. कादंबरी राहून जाते. हिशेबनीसाला दोष देण्यात अर्थ नाही, निकषच तसा आहे. १९४५ साली देशातला पहिला ग्रंथालय कायदा करणाऱ्या संस्थानाच्या या गावातून तरी निकषात पाने मोजण्याची मागणी व्हायला हवी.

घेतलेली कादंबरीही पुष्कळदा चुकीच्या जागी बसते. बालविभागात ठेवली तर नववीतला मुलगा तिकडे फिरकत नाही. ठळक टाइप आणि हसरी चित्रे लांबूनच दिसतात. प्रौढ विभागात गेली तर बालविभागाच्या कार्डावर मिळत नाही. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’चा नायक नववीतला, पण ती त्याच्या वयाच्या वाचकाला मिळेल का, हे कार्डावर ठरते! देवघेवीच्या टेबलाजवळ, दोन्ही विभागांच्या मध्ये एक कप्पा राखला आणि त्यातली पुस्तके दोन्ही कार्डांवर दिली की प्रश्न सुटतो. पुस्तकाच्या कण्यावर वेगळ्या रंगाची चिठ्ठी पुरते. वर्गीकरण क्रमांक बदलायची गरज नाही. मालिका असेल तर पहिल्या भागाच्या दोन प्रती घ्याव्यात. पहिला भाग हरवला किंवा कोणाकडे अडकला की पुढचे भाग तसेच धूळ खातात.

यादीत लेखक, प्रकाशक, प्रथमावृत्तीचे साल, पाने, किंमत, मालिकेतला कितवा भाग आणि साधारण इयत्ता एवढे पुरे. त्याखाली विषयाची एक ओळ असावी. ‘संस्कारक्षम’, ‘वाचनीय’ हे शब्द मात्र कृपया नकोत, त्यावरून काही कळत नाही. ‘धरणामुळे उठलेले गाव’ असे लिहिले तर वारणा-दूधगंगा धरणांच्या पुनर्वसन वसाहतींतल्या शाळा ते पुस्तक आपणहून मागतील.

दिवाळीच्या सुमारास बरीच पुस्तके निघतात. तेव्हा ही यादी जानेवारीत छापावी, म्हणजे मार्चच्या खरेदीपूर्वी ती ग्रंथालय समित्यांपुढे ठेवता येईल.

आपले,
बालविभागात काम करणारे काही ग्रंथपाल, कोल्हापूर